अकरा वर्षांनी परतलेल्या मावसभावाच्या उपचारांसाठी मदत हवी आहे

नमस्कार. मानसिक आजारात घर सोडून गेलेला माझा मावसभाऊ अकरा वर्षांनी, एका सेवाभावी संस्थेमुळे, गेल्या महिन्यात राजापूरजवळच्या आमच्या गावी परतला. इतकी वर्षे दाराला आतून कडी न लावता झोपणारी मावशी आता कडी लावून शांत झोपते, आणि पहाटे उठली की आधी त्याच्या अंगावरचे पांघरूण सारखे करते. तिची ही शांतता टिकावी, म्हणून विचारतो: रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात दरमहा जाणे तिला वयोमानामुळे झेपत नसल्याने, त्याची औषधे जवळच्या ग्रामीण रुग्णालयात मिळावीत यासाठी काय करावे लागते? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे. परंतु ज्याच्याकडे आधार कार्डही नाही, त्याने दिव्यांग प्रमाणपत्रासाठी सुरुवात कुठून करावी? टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणी बोलले असल्यास कृपया अनुभव कळवावा.