झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस: उभे पट्टे, -५ व्होल्ट गायब. सुरुवात कुठून?

गिरगावचा_पेटारा

मंडळी, मशीन आहे सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस, ४८ के, टीव्हीला जोडायचा जुना घरगुती संगणक. बोर्डावर इश्यू ३बी (बोर्डाची आवृत्ती) छापलंय. बरीच वर्षं माळ्यावर पडून होतं. मूळ अडॅप्टर नाही, म्हणून ९ व्होल्ट २ अँपियरचा नवा लावला. पोलॅरिटी आधी मीटरने बघितली: मधे निगेटिव्ह, बाहेर पॉझिटिव्ह.

टीव्हीवर चॅनेल ३६ लागतं, पण कॉपीराइटची ओळ येत नाही. काळे-पांढरे उभे पट्टे येतात आणि तिथेच थांबतात. रीसेट दाबलं की पट्ट्यांची नक्षी बदलते, एवढंच.

रीडिंग (व्होल्टमधे): ७८०५ (५ व्होल्टचा रेग्युलेटर) च्या आउटपुटला ५.०२. आयसी ६ (रॅमची पहिली चिप) च्या पिन ९ ला ५.०१. पिन ८ ला १२ च्या जवळपासही काही नाही. पिन १ ला शून्य.

टीआर४ (पॉवर सप्लायमधला ट्रान्झिस्टर, झेडटीएक्स६५०) गेलाय असं धरू का? लॅमिंग्टन रोडला झेडटीएक्स६५० मागितला तर काउंटरवरून एसएल१०० पुढे करतात, "हा चालतो" म्हणून. चालेल का? आणि सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आधीच बदलून टाकू का?

तारमास्तर

पहिली गोष्ट: आता ते परत चालू करू नका. खालच्या १६ के रॅमच्या आठ ४११६ चिपना तीन व्होल्टेज लागतात: पिन १ ला -५, पिन ८ ला +१२, पिन ९ ला +५, पिन १६ ग्राउंड. यातला -५ हा चिपच्या आतला बायस आहे. तो नसताना १२ आला की ४११६ तापते आणि मरते. तुमच्याकडे सध्या १२ पण नाही, म्हणून चिप वाचल्या असण्याची आशा आहे.

१२ आणि -५ दोन्ही एकाच जागी तयार होतात: टीआर४, टीआर५ आणि ती छोटी कॉइल मिळून एक ऑसिलेटर आहे. दोन्ही एकदम गायब म्हणजे ऑसिलेटर बंद. टीआर४ बहुतेक वेळा मागच्या एज कनेक्टरमुळे (बोर्डाच्या कडेवरचे उघडे संपर्क) उडतो. स्पेक्ट्रमला चालू-बंदचं बटण नाही. वीज असताना मागे काही खुपसलं आणि ते तिरकं बसलं की शेजारचे संपर्क शॉर्ट होतात.

पण नवीन ट्रान्झिस्टर लावायच्या आधी त्याला कोण मारतंय ते बघा. प्लग काढून मीटर रेझिस्टन्सवर ठेवा. आयसी ६ च्या पिन ८ ते १६ आणि पिन १ ते १६ मोजा. काही ओहम दाखवले तर एखादी ४११६ किंवा तिच्याजवळचा छोटा सिरॅमिक कपॅसिटर आतून शॉर्ट आहे, आणि नवा टीआर४ लावून ऑसिलेटर सुरू झाला की पुन्हा तोच मरेल. ही पायरी वगळून लोक दोन-दोन, तीन-तीन ट्रान्झिस्टर जाळतात.

शॉर्ट नसेल तर टीआर४ बोर्डावरून काढून डायोड मोडवर तपासा. कलेक्टर-एमिटर बीप वाजला की निकाल लागला. टीआर५ (झेडटीएक्स२१३, पीएनपी) पण त्याच बैठकीत तपासा. मग कॉइल: तिच्यात दोन वेगळी वाइंडिंग आहेत, दोन्हींना कंटिन्युइटी हवी. टीआर४ शॉर्ट होऊन मशीन बराच वेळ चालू राहिलं असेल तर कॉइलच्या तारेवरचं इनॅमल काळं पडतं आणि वेढे एकमेकांत शॉर्ट होतात. अशी कॉइल मीटरवर ठीक दिसते पण ऑसिलेटर चालत नाही. डोळ्यांनीच बघा, काळी दिसली तर बदला.

एसएल१०० नको. झेडटीएक्स६५० दोन अँपियरचा आहे आणि पूर्ण चालू असताना त्याच्यावर व्होल्टेज फार कमी पडतं. एसएल१०० अर्ध्या अँपियरचा, बीसी५४७ तर १०० मिलिअँपियरचा. शिवाय एसएल१०० च्या पायांची मांडणी वेगळी. सुरू झाल्यासारखं वाटेल, मग तापेल. झेडटीएक्स६५१ बिनधास्त घ्या, तो ६५० पेक्षा जास्त व्होल्टेज सोसतो. दोन्ही मोठ्या ऑनलाइन वितरकांकडे मिळतात, पाच एकदम मागवा. बसवताना सपाट बाजू मूळ पार्टच्याच दिशेला.

दादर_टीटी

मास्तरांशी सहमत, कपॅसिटरचं मात्र माझं मत जरा वेगळं. चाळीस वर्षांचे इलेक्ट्रोलिटिक आहेत, त्यात मुंबईची हवा. बहुतेक २२ मायक्रोफॅरडचे, काही १ चे, एक-दोन १०० चे. १०५ डिग्रीवाले, २५ व्होल्ट किंवा वर. मूळचे ॲक्शिअल आहेत, म्हणजे पाय दोन टोकांना. लॅमिंग्टन रोडला रेडिअल सहज मिळतात, पाय वाकवून उभे बसवता येतात, फक्त वरचं झाकण बसतंय ना ते आधी बघा. काढायच्या आधी बोर्डाचा जवळून फोटो काढा आणि पोलॅरिटी फोटोवरून लावा, बोर्डावरच्या छपाईवर विसंबू नका.

अडॅप्टरबद्दल: ९ व्होल्ट रेग्युलेटेड, २ अँपियर, मधे निगेटिव्ह, एकदम बरोबर. मूळचा अनरेग्युलेटेड १.४ अँपियरचा होता. इतरांसाठी सांगतो, सीसीटीव्हीचा १२ व्होल्टचा अडॅप्टर त्याच आकाराच्या पिनचा असतो आणि त्यात मधे पॉझिटिव्ह असतं. तो लावला की गोष्ट संपली. मधे निगेटिव्ह असलेला तयार हवा असेल तर गिटारच्या पेडलचे ९ व्होल्टचे अडॅप्टर तसे असतात, पण अँपियर वाचून घ्या. बरेचसे अर्ध्या अँपियरच्याही आतले असतात.

७८०५ चं गणितही करून टाकू. मशीन पाऊण अँपियर घेतं असं धरलं तर ९ व्होल्टवर रेग्युलेटर ३ वॅट उष्णता काढतो, १२ वर सव्वापाच. मे महिन्यात बंद खोलीत हा फरक हाताला कळतो. जुनी थर्मल पेस्ट सुकून खडू झालेली असते, ती पुसून नवी लावा. ७८०५ च्या जागी बसणारं स्विचिंग मॉड्यूल (ट्रेकोचं १ अँपियरचं किंवा तत्सम) लावलं तर हीटसिंक जवळजवळ थंड राहतो.

तारमास्तर

स्विचिंग मॉड्यूल शेवटी लावा. दोष शोधत असताना पॉवर सप्लायमधे नवीन काही घालू नये, नाहीतर चित्रात लाटा आल्या तर त्या मॉड्यूलच्या की रॅमच्या यात एक रविवार जातो. कपॅसिटरचंही तेच. ते बदला, पण टीआर४ चं काम झाल्यावर. एकाच दिवशी वीस डाग उकलले आणि मशीन सुरू झालं नाही तर शोधणार कुठे?

दादर_टीटी

हे मान्य. टीव्हीचं राहिलं. चॅनेल ३६ चं आरएफ चित्र नव्या एलईडी टीव्हीवर कसंबसं दिसतं, एव्हीची पिवळी पिन बरी. मॉड्युलेटरच्या डब्यात बोर्डावरून दोन वायरी जातात. चालू असताना जिच्यावर स्थिर ५ व्होल्ट ती सप्लाय, दुसरी व्हिडिओ. वीज काढून सप्लायची वायर सोडवा आणि टेप लावा. डब्याचं झाकण उघडा, सॉकेटच्या मधल्या टोकाला आतून जोडलेला रेझिस्टर सोडवा, आणि व्हिडिओची वायर १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून त्या टोकाला जोडा, पॉझिटिव्ह बाजू बोर्डाकडे. परत जसंच्या तसं करता येतं, काही कापायचं नाही.

आपल्याकडचे टीव्ही पाल घेतात, त्यामुळे रंगाची अडचण येत नाही. मात्र स्वस्तातले एव्ही ते एचडीएमआय कन्व्हर्टर नखरे करतात. स्पेक्ट्रम एका फ्रेममधे ३१२ ओळी देतो, इंटरलेस नाही, सेकंदाला ५०.०८ फ्रेम. काही कन्व्हर्टरना हे पचत नाही आणि चित्र दर काही सेकंदांनी उडतं. तो दोष मशीनचा समजू नका.

गिरगावचा_पेटारा

दोघांचेही आभार. आयसी ६ च्या पिनांवर शॉर्ट कुठेच नव्हता. टीआर४ चा कलेक्टर-एमिटर पूर्ण शॉर्ट, टीआर५ ठीक, कॉइलचा रंग स्वच्छ. झेडटीएक्स६५१ लावला. आता पिन ८ ला १२.१, पिन १ ला -५.१. पट्टे गेले, पण ओळ अजून नाही: बॉर्डर पांढरी, मधे ठिपक्यांची चटई. आयसी ९ इतर सात चिपपेक्षा चांगलीच गरम. तीच ना?

तारमास्तर

बहुतेक तीच. आयसी ६ म्हणजे डेटा बिट ०, तिथून ओळीने आयसी १३ म्हणजे बिट ७. आयसी ९ हा बिट ३. खात्रीसाठी चांगली ४११६ तिच्या डोक्यावर तंतोतंत बसवून चालू करा, सगळे पाय नीट टेकले पाहिजेत. ओळ आली तर दोष पक्का. आली नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण खालच्या चिपचं आउटपुट एकाच पातळीला अडकलं असेल तर वरची तिला हरवू शकत नाही. मागच्या कनेक्टरला लागणारं डायग्नोस्टिक कार्ट्रिज मिळालं तर उत्तम, ते खालच्या रॅमशिवाय चालतं आणि कुठला बिट मेला ते बॉर्डरच्या रंगांत दाखवतं.

काढताना चिप वाचवायचा मोह सोडा. बारीक कटरने सोळाही पाय अंगालगत कापा, मग एकेक पाय ३३० डिग्रीवर गरम करून चिमट्याने उचला. भोकं पंपाने आणि विकने साफ करा. या बोर्डाची भोकं आतून मुलामा दिलेली आहेत; अख्खी चिप ओढली की मुलामा पायाबरोबर बाहेर येतो आणि वरचा ट्रॅक तुटतो. तिथे राउंड पिनचा १६ पायांचा आयसी बेस लावा.

४११६ जुन्या मालात सापडते, पण अक्षरं घासून पुन्हा छापलेलीही मिळते. पर्याय ४१६४. तिला फक्त ५ व्होल्ट लागतात आणि ते पिन ८ ला, म्हणून थेट खोचली तर तिथे १२ मिळून जळेल. पिन १, ८ आणि ९ बाहेर वाकवा. पिन ८ ला बेसच्या ९ नंबरच्या भोकातून ५ व्होल्ट द्या, चिपची पिन ९ ग्राउंडला म्हणजे १६ ला जोडा, पिन १ मोकळी सोडा.

कुर्ला_कारशेड

यूएलए (चित्र आणि कीबोर्ड सांभाळणारी मोठी चिप) बेसमधे आहे ना? ती एकदा काढून परत बसवा. खाडीच्या हवेने पायांवर काळा थर येतो, त्यानेही अशीच चटई दिसते. सपाट पट्टी दोन्ही टोकांनी आळीपाळीने घालून, मिलिमीटर-मिलिमीटर उचला. पाय आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसा, एज कनेक्टर खोडरबरने हलक्या हाताने. पावसाळ्यात बोर्ड धुतलात तर एक रात्र पंख्याखाली, लगेच वीज नको.

गिरगावचा_पेटारा

आयसी ९ च होती, ४१६४ बसवली. "© १९८२ सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड" आली! दोन गोष्टी उरल्या. क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी ही पाचही बटणं मेलेली. आणि रॅमचा शेवटचा पत्ता विचारायला बेसिकमधे प्रिंट पीक २३७३२+२५६*पीक २३७३३ दिलं तर ३२७६७ येतं. ६५५३५ यायला हवं ना?

कुर्ला_कारशेड

कीबोर्डचं मी सांगतो. आठ ओळी गुणिले पाच रेषा अशी जाळी आहे. सलग पाच बटणं मेली म्हणजे कीबोर्डपासून बोर्डाकडे येणाऱ्या दोन चपट्या शेपट्यांपैकी आठ वायरींच्या शेपटीतली एक गेली, किंवा बोर्डावर तिच्यापुढचा डायोड (डी१ ते डी८, साधे १एन४१४८). १, क्यू, ए, ०, पी, एंटर अशी विखुरलेली मेली असती तर पाचवाली शेपटी. दोन्ही शेपट्या काढा, चालू करा, आणि छोट्या वायरने आठच्या सॉकेटमधला एकेक संपर्क पाचच्या सॉकेटशी टेकवत जा. क्यू उमटला तर बोर्ड ठीक, मेम्ब्रेन (बटणांखालचा प्लास्टिकचा पडदा) गेली. शेपटीचं टोक हीटसिंकजवळ भाजून कडक होतं. लांबी असेल तर तडकलेलं २-३ मिलिमीटर सरळ कापून परत घाला. नसेल तर नवीन मेम्ब्रेन इंग्लंडमधून मागवावी लागते. मागवताना 'प्लस'ची असं स्पष्ट लिहा, रबरी बटणांच्या मॉडेलची वेगळी असते.

तारमास्तर

३२७६७ म्हणजे मशीन स्वतःला १६ के समजतंय. सुरुवातीला रॉम सगळी रॅम तपासते आणि पहिली खोट सापडली की तिथेच हद्द आखते. वरची ३२ के आयसी १५ ते २२ मधे, पुन्हा बिट ० ते ७. बेसिकमधूनच सापडेल: पोक ४००००,० देऊन प्रिंट पीक ४००००, मग २५५ देऊन तेच. शून्य टाकून १६ आलं तर बिट ४ वर अडकलाय, आयसी १९. २५५ टाकून २५१ आलं तर बिट २ खाली अडकलाय, आयसी १७. आकडे दर वेळी बदलले किंवा काहीही टाकलं तरी तेच आलं तर चिपला दोष देऊ नका. आयसी २५, २६ (७४एलएस१५७) आणि आयसी २३ (७४एलएस३२) बघा, ते लॅमिंग्टन रोडला कुठेही मिळतील.

गिरगावचा_पेटारा

शून्यावर १६, २५५ वर २५५. पाच वेळा तेच.

तारमास्तर

मग आयसी १९. मूळची ४५३२ आहे, म्हणजे अर्धी वापरायची ६४ के चिप. तिथे ४१६४ थेट बसते, पाय वाकवायचे नाहीत, व्होल्टेजही तेच. शेजारची वायरची लिंक आहे तशीच राहू द्या.