लेबर ब्युरोचा माणूस माहिती मागतोय, द्यावीच लागते का?

अंबडचा_टर्नर
नमस्कार मंडळी, अंबड एमआयडीसीत माझं जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप आहे, 14 माणसं, त्यातली पाच ठेकेदाराची. काल लेबर ब्युरोचा माणूस पत्र घेऊन आला, कामगार किती, बायका किती, ठेक्यावर किती, पगार किती सगळं विचारतोय आणि पत्रात कलेक्शन ऑफ स्टॅटिस्टिक्स ॲक्ट 2008 लिहिलंय. नाही म्हणता येतं का? आणि हे आकडे उद्या पीएफवाल्यांकडे गेले तर? मागे एका ऑफिसात दिलेला कागद भलत्याच माणसाच्या हातात बघितलाय, तेव्हापासून धास्तीच बसलीय.

सातपूर_अकाउंट्स
दादा, कामगार आयुक्तांकडचा इन्स्पेक्टर वेगळा आणि ब्युरो वेगळा. इन्स्पेक्टर रजिस्टर तपासतो, चुकलं तर केस करतो. ब्युरो केंद्राचा, चंदीगड-शिमल्याचा, त्यांचं काम आकडे गोळा करायचं. त्या ॲक्टखाली मागितलं असेल तर नाही म्हणता येत नाही, माहिती न देणं आणि मुद्दाम खोटी देणं दोन्हीला दंड आहे. पण त्याच ॲक्टचं कलम 9 वाचा, तुमचं युनिट ओळखू येईल असं काही छापता येत नाही आणि आकडेवारीच्या कामाबाहेरच्या कोणाला तुमचा फॉर्म दाखवता येत नाही, अपवाद फक्त ह्याच ॲक्टखालच्या खटल्याचा. माहिती फोडली तर कर्मचाऱ्यावरही कारवाई होते. हां, पीएफवाले स्वतः येऊन मस्टर मागू शकतात, तो त्यांचा वेगळा अधिकार, ही गुप्तता तिथे आड येत नाही.

पाथर्डी_फाटा
ओळखपत्र बघा आणि पत्रावरच्या ऑफिसला फोन करून खात्री करा. बँक खातं, ओटीपी मागितला तर सरळ बाहेर काढा.

युनियनचा_माणूस
ते पाच जण लपवू नका हो, कळकळीने सांगतोय. औद्योगिक कामगारांचा महागाई निर्देशांक हाच ब्युरो काढतो, त्यासाठी देशातल्या 88 केंद्रांतून भाव घेतात, त्यात आपलं नाशिकही आहे, आणि किमान वेतनातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी महागाई निर्देशांकावर ठरतो. ठेक्यावरची पोरं कागदावर दिसलीच नाहीत तर त्यांचं कोण बघणार?

अंबडचा_टर्नर
पटलं. ठेकेदाराकडून हजेरी मागवलीय, त्याला सोमवारी बोलावतो आणि 14 च्या 14 लिहितो.