मदत हवी आहे: सर्फबोर्डची फिन पांढरी पडली, इनलेत बुडबुडे

किनाऱ्यावरचा
नमस्कार. घरीच लाकडी सर्फबोर्ड बनवलाय. बोर्ड झकास झालाय, त्याबद्दल प्रश्न नाही. फिनला (बोर्डाखालचं उभं पातं) काचकापड आणि रेझिन लावलं, तर तिसऱ्या दिवशी ती कडेने दुधासारखी पांढरी पडली. नख घातलं की पापुद्रा उचलून येतो. बोर्डाच्या वरच्या बाजूला एक मासा इनले करून, म्हणजे खाचेत जडवून, बसवलाय, त्यात साबुदाण्याएवढे बुडबुडे. घासून परत रेझिन ओतलं, परत तेच. रविवारी भाचा येतोय, त्याच्यासाठीच हा सगळा खटाटोप. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा. यूट्यूबच्या लिंका नकोत, सगळ्या बघून झाल्यात.

सुतारपक्षी
लाकूड कोणतं? रेझिन कोणतं? बोर्ड भरीव की पोकळ? किती फुटी? फोटो?

किनाऱ्यावरचा
लाकूड साधंच आहे. रेझिन होडीवाले वापरतात ते. फोटो चढत नाहीये.

सुतारपक्षी
"साधंच" नावाचं झाड आमच्या वखारीत येत नाही.

अवांतरकर
मुळात फिन हवीच कशाला? हवाईतले जुने अलाया बोर्ड बिनफिनचेच असायचे आणि लोक त्यावर मजेत लाटा घ्यायचे. टॉम ब्लेक या अमेरिकन सर्फरने १९३५ साली एका मोडक्या स्पीडबोटीची धातूची पट्टी काढून आपल्या बोर्डाला ठोकली, तिथून हे फिन प्रकरण सुरू झालं. पोकळ लाकडी बोर्डही त्याचाच, पेटंट १९३२ चं. काढून टाका फिन, प्रश्न मिटला.

किनाऱ्यावरचा
@अवांतरकर, भाचा अकरा वर्षांचा आहे. बिनफिनच्या बोर्डवर तो उभा राहण्याआधी बोर्डच आडवा फिरेल. कृपया विषयावर.

पर्थची_मावशी
मी इथे ऑस्ट्रेलियात तीन बोर्ड केलेत, पॉलोनिया नावाच्या हलक्या लाकडाचे. रेझिन घट्ट करणारा हार्डनर थेंबाने मोजून घालता की रेझिनच्या निम्मं वगैरे?

किनाऱ्यावरचा
थेंबाने.

पर्थची_मावशी
म्हणजे पॉलिएस्टर रेझिन, इपॉक्सी नाही. आणि फिन सागाची असणार, बरोबर? साग तेलकट. त्यावर पॉलिएस्टर नीट धरत नाही. लाकडाला इपॉक्सीच हवं, आणि सागाला तर लावायच्या अगदी आधी ॲसिटोनने पुसून घ्यावं लागतं, म्हणजे वरचं तेल निघतं.

किनाऱ्यावरचा
हो, सागाचीच. जुन्या दाराची फळी होती, १२ मिमी. पण बोर्डाला तेच रेझिन लावलंय आणि तिथे काही झालेलं नाही. बोर्ड शिवण झाडाच्या लाकडाचा आहे, ९ फूट २ इंच, पोकळ. हे मी लिहिलं नव्हतं का?

सुतारपक्षी
नव्हतं. शिवण तेलकट नाही, म्हणून तिथे बरं चाललंय. फिनवर रेझिनआधी आणखी काही लावलं होतंत? सीलर, पॉलिश, काहीही?

किनाऱ्यावरचा
काहीच नाही. फक्त जवसाचं तेल, दोन हात. सागाचा रंग उठून दिसावा म्हणून. आमच्या इथले सुतारकाका म्हणाले लावा.

जुनाखलाशी
अरे बाबा!! तेल लावलंस मगे राळ कशी धरतली? आमचे होडयेक मुशीचा तेल लावीत, पण तेल लावला की तेलच, वर दुसरा काय नाय.

सुतारपक्षी
झालं, सापडलं. सुतारकाका चुकले नाहीत, ते दाराचं सांगत होते. @किनाऱ्यावरचा, ही फिन वाचणार नाही. तेल रंध्रांत मुरलंय. ती करवतीने कापून काढा, दुसरी करा. फिन धरायला खाली बोर्डात ठोकळा ठेवलाय ना?

किनाऱ्यावरचा
ठोकळा आहे. (एक तरी गोष्ट बरोबर केली.)

पर्थची_मावशी
नवी करताना एकसंध फळी घेऊ नका. साग पातळ चिरून घ्या, त्यात शिवणीचे थर घाला. २ मिमीचे सहा थर म्हणजे १२ मिमी. लाकडाच्या रेषा एकाआड एक आडव्या-उभ्या ठेवा, नाहीतर टोक एका आपटीत रेषेवर मोडतं. इपॉक्सीने चिकटवून रात्रभर शिकंज्यात. मग आकार कापा आणि रंधा-कानशीने दोन्ही बाजू उतरत्या करा. जाडी सगळ्यात जास्त पुढच्या कडेपासून साधारण एक तृतीयांशावर, मागची कड दीड मिमीपर्यंत.

थरांची खरी गंमत पुढे आहे. घासत गेलात की एकेक थर उघडा पडतो आणि गडद-फिकट रेघा उमटतात, नकाशातल्या डोंगराच्या समोच्च रेषांसारख्या. डावी बाजू आणि उजवी बाजू शेजारी धरून रेघा जुळवायच्या. जुळल्या तर दोन्हीकडचा उतार सारखा. मोजपट्टी लागत नाही. दुसरी कुठली नक्षी केली नाही तरी चालतं, फिनच नक्षीदार दिसते.

उंची बोर्डाच्या एका फुटाला साधारण एक इंच, म्हणजे तुम्हाला ९ इंच.

सुतारपक्षी
मावशी, मधली एकटी फिन आहे म्हणून दोन्हीकडे सारखा उतार. बाजूच्या छोट्या फिन असत्या तर आतली बाजू सपाट ठेवतात. हे वाचून कुणी तीन फिनचा बोर्ड करायला घेतला तर सगळ्याच फुगीर करेल.

पर्थची_मावशी
बरोबर, लिहायला हवं होतं.

जुनाखलाशी
मरीन प्लाय आणा नि कापा. पाच मिनिटांचा काम.

सुतारपक्षी
प्लायही थरांचाच असतो काका. पण इतक्या बारीक कडेला त्यातली एखादी पोकळी उघडी पडली की पाणी आत. कडेला काचेच्या दोऱ्याची दोरी रेझिनमध्ये भिजवून गुंडाळा, म्हणजे घासताना लाकूड उघडं पडत नाही. कड आपटते ती पारदर्शक रेझिनची, लाकडाची नाही. 

किनाऱ्यावरचा
फिनचं कळलं. माशाचं कुणी बोलेल का?

तुंबा
मी मिरजेचा, घरात तंतुवाद्यांचं काम. इनलेचं बोलतो. मासा कशाचा? खोदला कसा?

किनाऱ्यावरचा
शिंपल्याचा. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना असतात ते पातळ, अर्धपारदर्शक. घर पाडत होते तिथून घेतले. राउटरने (लाकडात खाच पाडायचं यंत्र) ४ मिमी खोदलं, शिंपले चिकटवले, वरून रेझिन भरलं.

तुंबा
४ मिमी? फळी किती जाड?

किनाऱ्यावरचा
६.

तुंबा
मग खाली २ मिमी उरलं. वरचा तुकडा १ मिमीचा असेल तर खाचही १ मिमीचीच करायची. आमच्याकडे आधी तुकडा कापतात, तो लाकडावर ठेवून भोवती टोकदार पात्याने रेघ मारतात आणि रेघेच्या आतूनच पटाशी चालवतात. फट राहिली तर त्याच लाकडाचा भुसा चिकटवणीत कालवून भरतात. आधी खाच आणि मग त्यात मासा, असं केलं की कडेला हमखास फट. आणि हे कार्पाचे शिंपले अभ्रकासारखे थराथराचे असतात. घासलंत की थर सुटून पांढरं दिसणार. त्याला बुडबुडा समजू नका.

किनाऱ्यावरचा
पांढरं वेगळं, बुडबुडे वेगळे. बुडबुडे गोल आहेत.

अवांतरकर
कार्पाचा शिंपला २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या यादीत आहे. विचार करून वापरा.

किनाऱ्यावरचा
पाडलेल्या खिडकीचे आहेत हो.

पर्थची_मावशी
एक विचारू? रेझिन ओतल्यावर बोर्ड कुठे ठेवला होता?

किनाऱ्यावरचा
उन्हात. लवकर सुकावं म्हणून.

पर्थची_मावशी
आणि व्हेंट?

किनाऱ्यावरचा
कसला व्हेंट?

पर्थची_मावशी
देवा. पोकळ बोर्डाला हवा सोडायला छोटं बूच लागतं. उन्हात आतली हवा फुगते, बाहेर पडायला वाट शोधते. तुमच्या बोर्डात सगळ्यात पातळ जागा कुठली? माशाखालचे २ मिमी. ती हवा तिथूनच वर आली. बोर्ड उन्हात तसाच राहिला असता तर एखादा सांधा उकलला असता. आधी व्हेंट बसवा, बाकी सगळं नंतर. बूच उघडं ठेवून, संध्याकाळी, लाकूड थंड होत असताना आधी रेझिनचा पातळ हात द्या. लाकूड निवताना हवा आत ओढतं, बुडबुडा येत नाही.

सुतारपक्षी
हे बरोबर. माशाची खाच साफ करून तळाला काचकापडाचा एक थर घाला, मग करवंटीचा मासा करा. करवंटी इपॉक्सीत काळीभोर दिसते. आणि जुनं पॉलिएस्टर खरवडून काढायची गरज नाही. नीट घासलेल्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी धरतं, उलटं मात्र करू नका. घासताना मास्क लावा, शिंपल्याची धूळ फुप्फुसाला वाईट.

अवांतरकर
शिवणीऐवजी पांगारा का नाही घेतला? हवाईतले मोठे ओलो बोर्ड विलीविलीचे असत, आणि विलीविली म्हणजे पांगाऱ्याच्याच कुळातलं झाड. सावंतवाडीची खेळणी पांगाऱ्याची होतातच की. हलकं लाकूड.

सुतारपक्षी
हलकं आहे, किडाही लगेच लागतो.

अवांतरकर
रेझिनखाली किडा कुठून येणार?

सुतारपक्षी
रेझिन लावायच्या आधीच.

चौकस
नमस्कार, सर्फिंग शिकायला किती दिवस लागतात? पोहता येत नसेल तर चालेल का?

जुनाखलाशी
नाय.

किनाऱ्यावरचा
शनिवार संध्याकाळची बातमी. व्हेंट बसला. भोक पाडलं तेव्हा हवा फुस्स करून बाहेर आली, घरचे सगळे बघायला धावले. माशाची खाच साफ करून काचकापड घातलंय, करवंटी उद्या. फिनचे थर चिकटवून कापलेत, रेघा दिसायला लागल्या. पण डावीकडची पहिली रेघ उजवीपेक्षा २ मिमी पुढे आहे. भाच्याला कळणार नाही. ठेवू का तशीच?

पर्थची_मावशी
भाच्याला नाही कळणार, बोर्डाला कळेल. फिकट थर जिथे जास्त रुंद दिसतोय तिथे अजून घासायचं नाही, समोरच्या बाजूला घासा. हलक्या हाताने, ऐंशीचा सँडपेपर नको, एकशेवीस घ्या.

किनाऱ्यावरचा
म्हणजे भाचा रविवारी बोर्ड नुसता बघणार.

जुनाखलाशी
समुद्र खय पळता?