मदत हवी आहे: मळी इथेनॉलला गेली म्हणून उतारा कमी, मग माझं बिल कशावर?

वारणाकाठ
शुक्रवारी कारखान्याची सभा आहे, त्याआधी कुणीतरी हिशेब सांगा. उतारा, म्हणजे उसातून निघालेल्या साखरेचा टक्का, 10.40 दाखवलाय. शेजारच्या कारखान्याला तोच ऊस, तीच जमीन, आणि उतारा 12 च्या जवळ. शेती अधिकारी म्हणतो, "इथेनॉल करतोय, उतारा घटणारच." मग इथेनॉलचे पैसे कुणाचे? टनाला माझे किती बसतात ते सांगा.

मळीवाला
हंगाम कुठला? इथेनॉल बी-हेवी, म्हणजे थोडी साखर शिल्लक ठेवलेल्या मळीपासून, की थेट रसापासून? 10.40 म्हणजे पोत्यात पडलेली साखर, की इथेनॉलला वळवलेली मिळवून? तोडणी-वाहतूक किती कापली?

गूळपट्टा
कारखान्याच्या मागं लागूच नका. गुऱ्हाळाला घाला, काट्याचीही भीती नाही आणि पैसे हातात.

वारणाकाठ
गूळपट्टा, सगळा ऊस गुऱ्हाळाला कोण घेणार? प्रश्न तो नाही.
2025-26, बी-हेवी. मिळवून की न मिळवता ते माहीत नाही, बिलावर नुसता आकडा आहे.

डेक्कनची_दुचाकी
ई-20 (20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आल्यापासून माझ्या गाडीचं ॲव्हरेज उतरलंय. 2019 चं मॉडेल आहे, रबरी नळ्या बदलाव्या लागतील का?

मळीवाला
दुचाकी, त्यासाठी वेगळा धागा काढा.
वारणाकाठ, बी-हेवीत साधारण दीड टक्का साखर मळीबरोबर जाते. एफआरपीसाठी, म्हणजे केंद्रानं ठरवलेल्या उसाच्या किमान दरासाठी, ती उताऱ्यात परत मिळवायची असते, त्याचा दाखला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट (व्हीएसआय) देते. 2025-26 ला 10.25 उताऱ्याला टनाला 3550, पुढच्या प्रत्येक 0.1 ला 34.60. 10.40 ला होतात 3601.90, दीड मिळवून 11.90 ला 4120.90. टनाला 519 चा फरक! तोडणी-वाहतूक यातून वजा. सभेत दाखला मागा. आणि उतारा चालू हंगामाचा धरला की मागच्या, तेही विचारा. चालू हंगामाचा उतारा धरायला लावणारा 2022 चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये रद्द केलाय.

भीमाकाठ
519 मिळाले तरी लूट तीच. इथेनॉलवर कारखाने गब्बर झालेत.

मळीवाला
गब्बर कसे? एक टन साखरेचं 600 लिटर इथेनॉल धरतात. बी-हेवीचा दर 60.73, म्हणजे किलोला 36.44 पडले. त्यातून डिस्टिलरीचा खर्च जायचाय. बाजारात साखर 38 ला जात असेल तर वळवण्यात तोटाच. 2022-23 ला एफआरपी 3050 होती, 2025-26 ला 3550, बी-हेवी इथेनॉलचा दर मात्र जागेवर. फायदा एवढाच की तेल कंपन्यांचे पैसे लवकर येतात. साखर गोदामात पडून राहते आणि बँकेचं व्याज चालू राहतं. त्यात 7 डिसेंबर 2023 ला रसाच्या इथेनॉलवर बंदी आली, तेव्हा कर्ज काढून डिस्टिलरी उभारलेल्यांचं काय झालं ते आम्ही आतून बघितलंय.

भीमाकाठ
तोटा होता तर डिस्टिलऱ्या वाढवल्या कशाला? 2013 च्या राज्याच्या कायद्यात 70 टक्के वाटा शेतकऱ्याचा आहे, पण त्यात मोजतात बगॅस (चोथा), मळी, प्रेसमड (रसाचा गाळ). मळीचं इथेनॉल झालं की ते पैसे हिशेबाबाहेर. वारणाकाठनं विचारलेल्या "पैसे कुणाचे" याचं उत्तर हे आहे. ब्राझीलच्या साओ पाउलोत उसाचा दर साखर आणि इथेनॉल दोन्हींच्या भावाला बांधलेला असतो. इथं का नाही?

मळीवाला
ब्राझीलमध्ये भाव पडला की उसाचा दरही पडतो. एफआरपीचा आधार सोडायला तयार आहात का?

भीमाकाठ
आधार राहू द्या, वरच्यात वाटा द्या. एवढंच मागतोय.

गूळपट्टा
म्हणून म्हणतो, गुऱ्हाळ.

वारणाकाठ
दाखल्याचा मुद्दा घेतला, सभेत लेखी अर्ज देतो. आता एकच सांगा, दाखला द्यायला नाही म्हणाले तर तक्रार थेट साखर आयुक्तालयात की आधी प्रादेशिक सहसंचालकांकडे? मी सभासद नाही, ऊस चुलत्यांच्या नावावर जातो.

मळीवाला
हे आधी सांगायचं ना! मग अर्ज चुलत्यांच्या सहीनं द्या. आधी सहसंचालक, पोच घ्या. आणि वजनाच्या पावत्या जपून ठेवल्यात का?