इटालियन बीफ घरी करतोय: मांसाचा काथ्या, पावाचा लगदा. कुठे चुकतंय?

भुकेला_गडी:
लोकहो मदत करा. शिकागोत असताना इटालियन बीफ सँडविच (रश्श्यात भिजवलेल्या पावात बीफचे पातळ काप) खाल्लं होतं, काउंटरवर कोपरं टेकवून, पाय मागे घेऊन, कारण नाहीतर सगळा रस्सा शर्टावर. आता घरी दोनदा करून झालं आणि दोन्ही वेळा वाट लागली. राउंडचा (मागच्या मांडीचा) 3 पौंडांचा तुकडा आणला, छान लालभडक, चरबी जवळपास नाहीच, म्हटलं भारी मिळाला. स्लो कुकरमध्ये स्टॉक, लसूण, ओरेगानो घालून 8 तास ठेवला. बाहेर काढला तर धागे सुटलेले पण चावताना कोरडा ठक्क. रश्श्यात बुडालेलं मांस कोरडं कसं होतं हेच मला कळत नाहीये! आणि पाव बुडवला तर निम्मा भांड्यातच राहिला, हातात नुसता वरचा पापुद्रा.

तवा_तापला:
तुकडा वाईट नव्हता, पद्धत दुसऱ्या तुकड्याची होती. मांस तापलं की त्याचे धागे आवळतात आणि आतलं पाणी बाहेर टाकतात, मग भोवती कितीही रस्सा असो, पिळलेलं फडकं ते पिळलेलंच. खांद्याच्या मांसात, म्हणजे चकमध्ये, कोलॅजन भरपूर असतं, ते तासन्‌तास शिजून विरघळतं आणि धाग्यांना ओलावा आल्यासारखं लागतं. राउंडमध्ये विरघळायला फारसं काही नाहीच.

शिकागोवाले राउंड किंवा सरलॉइनच (कमरेमागचं मांस) वापरतात पण शिजवून फाडत नाहीत, भाजून कापतात. टॉप राउंड ओव्हनमध्ये 135 अंश सेल्सिअसला ठेवा, मधोमध थर्मामीटर खुपसून 63 झाला की बाहेर (अमेरिकी कृषी खात्याचा अख्ख्या तुकड्यासाठीचा आकडा हाच, वर 3 मिनिटं तसाच ठेवायचा). मग रात्रभर फ्रिजमध्ये. ही रात्र टाळू नका, गरम मांस पातळ कापलंच जात नाही. स्लायसर नसेल तर कापायच्या आधी अर्धा तास फ्रीजरमध्ये टाका, सुरीला धार लावा आणि धाग्यांना आडवं कापा, इतकं पातळ की काप उचलला की लोंबला पाहिजे. ट्रेला चिकटलेलं खरवडून स्टॉकमध्ये घाला, लसूण, ओरेगानो, बेसिल, मिरी, चिली फ्लेक्स टाकून उकळा, गाळा, गॅस बारीक करा. काप त्यात 15-20 सेकंद, बास. उकळत्या रश्श्यात विसरलात तर पुन्हा काथ्या.

डेब्री_भक्त:
किंवा शिकागो सोडा आणि न्यू ऑर्लिन्सला या :) तिथलं रोस्ट बीफ पोबॉय सँडविच म्हणजे खरा राडा. चक घ्यायचा, सगळ्या बाजूंनी काळपट होईपर्यंत परतायचा, झाकण लावून साडेतीन-चार तास मंद, आत 95 अंशांच्या आसपास गेला की काट्यानेच सुटतो. जो चुरा ग्रेव्हीत पडतो त्याला तिकडे 'डेब्री' म्हणतात, तोच पावात भरायचा, वर लेट्यूस, टोमॅटो, लोणच्यातली काकडी, मेयो. किती पेपर नॅपकिन लागले त्यावर सँडविचचा दर्जा ठरतो म्हणे. पोबॉय हे नाव 1929 च्या ट्राम कामगारांच्या संपातलं असं सांगतात, मार्टिन बंधू संपकऱ्यांना फुकट सँडविच द्यायचे, 'आला बघ अजून एक पुअर बॉय' असं म्हणत.

भुकेला_गडी:
डेब्री नंतर कधीतरी नक्की, आधी हे जमू दे. पावाचं काय? मी मऊ सब रोल (लांबट पाव) घेतले होते. आणि रस्सा थोडा आटवला तर खारट झाला.

तवा_तापला:
क्यूबवाला स्टॉक असणार, तो आटवायचा नाही, किंवा बिनमिठाचा घ्या. पाव बाहेरून कडक, आतून चिवट फ्रेंच रोल. मऊच मिळाले तर आदल्या दिवशीचे घ्या. एक कड जोडलेली ठेवून चिरा, पूर्ण दोन तुकडे केले तर बुडवताना गेलंच. भरून झाल्यावर चिमट्याने धरायचं, डुबुक, बाहेर. तिकडे 'ड्राय', 'वेट' आणि 'डिप्ड' असं सांगून मागवतात, तुम्ही पहिल्यांदा वेटवर थांबा, म्हणजे पावावर पळीभर रस्सा, अख्खं बुडवायचं नाही. वर जार्डिनेरा हवाच, भाज्यांचं तेलातलं तिखट लोणचं, ते तेलही घाला. तिखट नको असेल तर भाजलेली गोड मिरची.

भुकेला_गडी:
अपडेट! शनिवारी भाजलं, रविवारी कापलं. पहिले चार काप जाड आले, मग हात बसला. अतिशहाणपणा करून वेटवर न थांबता डिप्डच केलं आणि पाव टिकला!! बायकोने पहिला घास बेसिनवर वाकून खाल्ला, कोपरापर्यंत ओघळ, आणि तशीच मान न वर करता विचारलं, अजून किती काप उरलेत?

डेब्री_भक्त:
नॅपकिन किती लागले ते सांगा आधी.

भुकेला_गडी:
नॅपकिन संपले, टॉवेल घेतला.