सेडिमेंट म्हणजे गाळच ना? शब्द सुचवा

रेघोट्या
मंडळी, धरणातल्या गाळावरच्या एका अहवालाचं भाषांतर करतेय आणि पहिल्याच पानावर अडकलेय. मूळ मजकुरात सेडिमेंट, सिल्ट, क्ले, सँड, बेडलोड (नदीच्या तळानं लोळत-सरकत जाणारा माल) असे सगळे सुटे सुटे शब्द आहेत. मी सेडिमेंटला सरळ गाळ लिहिलं तर तपासणारे म्हणतात गाळ म्हणजे नुसतं सिल्ट, वाळूहून बारीक पण चिकणमातीहून जाड माती, तुम्ही अवसाद लिहा. आता हे वाचणार कोण तर धरणाकाठचे सरपंच न् पाणीवापर संस्थावाले. काय करू?

चष्मेवाले काका
अवसाद अजिबात नको. हिंदीवाले डिप्रेशनला अवसाद म्हणतात, ‘जलाशयात अवसाद वाढला’ वाचून कुणीतरी समुपदेशक पाठवेल. शाळेत आपण सगळे ‘गाळाचे खडक’च शिकलो, मराठी विश्वकोशातही तशीच नोंद आहे. वालुकाश्म त्यातच मोडतो, म्हणजे वाळूसुद्धा गाळच. विषय संपला.

टोक्याचा
कसला संपतो. काका, आमच्याकडे येऊन वाळूला गाळ म्हणून दाखवा. कायगाव टोक्याला प्रवरा गोदावरीला मिळते आणि जायकवाडी धरणाचा फुगवटा, म्हणजे भिंतीमागं तुंबलेलं पाणी, तिथवर येतो. उन्हाळ्यात पाणी मागं हटलं की जो उघडा पडतो तो गाळ, काळाभोर, ओला असताना पाय घोट्यापर्यंत जातो आणि वाळला की अशा भेगा पडतात की चप्पल अडकते. वाळू ती वाळू. 2017 ला गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना आली, त्यात तेव्हा गाळ शेतकऱ्यानं आपल्या खर्चानं वाहून न्यायचा होता, त्यावर स्वामित्वधन (रॉयल्टी) नव्हतं, पण वाळू उपसायला बंदी होती. ट्रॉलीत वाळू भरा आणि तलाठ्याला सांगा विश्वकोशात गाळच आहे म्हणून.

चष्मेवाले काका
म्हणजे आता शब्दांचे अर्थ तलाठी ठरवणार?

टोक्याचा
ट्रॅक्टर तोच सोडतो.

वाशिष्ठीकाठ
चिपळुणात बरोब्बर उलटं. 2021 च्या पुरानंतर नदीतला गाळ काढा म्हणून केवढं आंदोलन झालं, निघालं काय तर गोटे, वाळू, माती सगळं एकत्र, आणि त्या सगळ्याला अख्खं गाव गाळच म्हणत होतं. कुणाचंही काही अडलं नाही.

निवृत्त_अभियंता
दोघंही आपापल्या जागी बरोबर, कारण नदीच तसं वाटप करते. पुरात गोटे तळानं लोळत जातात, वाळू उड्या मारत जाते आणि बारीक माती पाण्यातच तरंगत जाते म्हणून तर पाणी गढूळ दिसतं. फुगवट्यात शिरलं की पाण्याचा वेग मोडतो, जाड माल तिथंच वरच्या अंगाला बसतो, बारीक माती पार भिंतीपर्यंत जाते आणि सावकाश खाली बसते. लोकांना वाटतं मृतसाठा (तळाचं, कालव्यात सोडता न येणारं पाणी) गाळासाठीच ठेवलाय, तो भरेस्तोवर चिंता नाही. जायकवाडीत एकूण सुमारे 102 टीएमसीपैकी (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) 26 टीएमसी मृतसाठा आहे, पण वरच्या अंगाला जे बसतं ते उपयुक्त साठ्याचीच जागा खातं. म्हणून रेघोट्याताई, वाळूपासून चिकणमातीपर्यंत सगळ्याला मिळून एक शब्द लागतोच. आम्ही ऑफिसात बोलताना सगळ्यालाच सिल्ट म्हणायचो, जे तांत्रिकदृष्ट्या चूकच!

मळीवाला
पोयटा कसा विसरलात सगळे? सिल्टला पोयटा, एकदम चपखल. आणि आमच्या कृष्णेकाठी पूर ओसरल्यावर जी सुपीक जमीन मिळते ती मळी. मळीचं रान ज्याच्याकडं त्याची मिजासच वेगळी.

टोक्याचा
मळी साखर कारखान्यात असते 😄

मळीवाला
ती वेगळी. तुमच्याकडं नदीकाठची मळी नाही म्हणून काय शब्द नाही का?

बडोदेकर
आमच्या घरी तीन पिढ्या मराठी पण गाळाला कांप म्हणतात, गुजरातीतून आलाय. मराठीत घ्यायला काय हरकत?

चष्मेवाले काका
हरकत आहे. गाळणे या क्रियापदापासून गाळ, घरचा शब्द असताना शेजाऱ्याकडून उसना कशाला?

वाशिष्ठीकाठ
गाळल्यावर फडक्यात राहतो तो चोथा ना काका? धरणात कोण गाळतंय? तिथं तर नुसतं बसतं, कुरडयांच्या चिकासारखं, वरची निवळ ओतून द्यायची. मला तर गळणे वाटतं, गळून खाली पडलेलं.

चष्मेवाले काका
गळणे आणि गाळणे एकच धातू हो, पडणे-पाडणे तसं.

रेघोट्या
सिल्टला पोयटा घेतला, क्लेला चिकणमाती, सेडिमेंटला गाळच ठेवते आणि पहिल्या पानावर ‘यात वाळूही धरली आहे’ अशी ओळ टाकते. बेडलोड राहिलाय अजून.

निवृत्त_अभियंता
तळभार.

मळीवाला
तळभार म्हटल्यावर पाया खचल्यासारखं वाटतं. लोळण का नाही?

टोक्याचा
लोळण गाढव घेतं. आणि वाळूही धरली आहे ही ओळ काढा ताई, उद्या तोच कागद दाखवून कुणीतरी वाळू नेईल. त्यापेक्षा गाळपेर शब्द आहे का अहवालात? पाणी हटेल तसतसं त्या जमिनीत हरभरा, ज्वारी, कलिंगड घेतात, पाटबंधारेवाले भाडेपट्ट्यानं देतात. त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते सांगा आधी.

चष्मेवाले काका
गाळपेर स्त्रीलिंगी की पुल्लिंगी?

टोक्याचा
आमच्यात गाळपेर केली म्हणतात.

मळीवाला
आमच्यात केला.