ऑकलंड बेटांवरचं शेवटचं बदक: दोष बंदुकीचा की डुकरांचा?

काठावरची: न्यूझीलंडच्या दक्षिणेला चारशेहून अधिक किलोमीटरवर ऑकलंड बेटं आहेत. करवतीसारख्या दातेरी चोचीने मासे पकडणारं तिथलं मर्गान्सर बदक ९ जानेवारी १९०२ नंतर कुणी पाहिल्याची खात्रीशीर नोंद नाही. त्या दिवशी न्यूझीलंडचे गव्हर्नर लॉर्ड रॅन्फर्ली यांच्या सफरीत एक जोडी टिपली, ब्रिटिश म्युझियमसाठी. जात दुर्मिळ झाल्यावर तिला जपायचं सोडून नमुना आधी आपल्या कपाटात कसा येईल हे बघायचं, याला मी विज्ञान म्हणणार नाही.

तापीकाठ: संताप समजतो, पण निदान पटत नाही. गोळीने दोन पक्षी गेले. या बेटांवर डुकरं १८०७ साली सोडली, मांजरंही आली, आणि हे बदक उडण्यात कच्चं. न्यूझीलंडच्या मुख्य भूमीवरही याची हाडं सापडतात. तिथून ते युरोपीय येण्याआधीच संपलं. तिथे कुठे होतं म्युझियम? याच बेटांवरचं न उडणारं टील बदक बघा. संग्राहकांनी त्याचेही नमुने नेलेच, तरी जिथे मांजरं-डुकरं पोचली नाहीत त्या लहान बेटांवर ते आजही आहे.

काठावरची: मग तर ती जोडी आणखीच मोलाची होती! मोजकेच उरलेत म्हटल्यावर एकेक जीव राखायचा असतो.

वाचनमात्र: नमुन्यांना सरसकट झोडपू नका. आपला वनपिंगळा शंभरेक वर्षं गायब होता. ब्रिटिश पक्षिसंग्राहक माइनर्त्सहागेनने चोरलेला जुना नमुना नव्याने भरून, खोट्या जागेच्या चिठ्ठीसह आपला म्हणून खपवला होता. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी जुने नमुने शेजारी ठेवून शिवण आणि भरण तपासलं, लबाडी उघडी पडली. मग अस्सल नोंदींच्या जागी शोध घेतला आणि १९९७ मध्ये पक्षी शहाद्याजवळ भेटला.

काठावरची: मान्य. पण वनपिंगळा रानात शिल्लक होता म्हणून भेटला. मर्गान्सर शोधायला कुठे जायचं?

तापीकाठ: त्याला आता इलाज नाही. पण मुख्य ऑकलंड बेटावर डुकरं अजून आहेत. शेजारच्या कॅम्पबेल बेटावरचे उंदीर २००१ मध्ये संपवले आणि २००४ पासून तिथलं टील बदक परत सोडलं. मेलेल्या गव्हर्नरवर खटला चालवण्यापेक्षा त्या डुकरांसाठी पैसा उभा करावा, असं माझं ठाम मत आहे.

काठावरची: डुकरं हटवाच. ‘दोनच तर पक्षी गेले’ हे मात्र मी ऐकून घेणार नाही.